तीन पाट्या, चार वाचक

गेल्या चैत्रांत महालक्ष्मीच्या यात्रेच्या दिवसांत आमचें डहाणूस जाणें झालें. विवळवेढ्याच्या देवीचें दर्शन हें निमित्त. खरें कारण म्हणजे जुन्या परिचयाच्या एका कुटुंबाचें कित्येक वर्षांचें आमंत्रण. घर समुद्राच्या बाजूस, चिकूच्या वाडींत. तीन पिढ्या एका छपराखालीं नांदतात आणि चूल अद्याप एकच आहे. दुपारचीं जेवणें आटोपून आम्ही ओसरीवर आलों, तों एक चमत्कारिक दृश्य दृष्टीस पडलें. ऐंशी उलटलेल्या आजी झोपाळ्यावर, त्यांचे थोरले चिरंजीव आरामखुर्चींत आणि धाकट्या सूनबाई खांबाला टेकून, अशीं तिघें अगदीं निःशब्द बसलीं होतीं, आणि तिघांच्याही हातांत एकेक काळ्या चौकटीची पाटी होती. बारा वर्षांची नात आजींच्या शेजारीं पाय हालवीत आपली पाळी केव्हां येते ह्याची वाट पाहत होती.

ती पाटी म्हणजे ई-रीडर. लोक त्याला सरसकट किंडल म्हणतात, मग तें कोणत्या का कंपनीचें असेना. आजी मात्र पाटीच म्हणतात, आणि आम्हांसही तो शब्द आवडला.

आम्ही कागदाचे पक्षपाती आहों, हें आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. कोऱ्या पुस्तकाचा वास आणि समासांतील पेन्सिलीच्या खुणा ह्यांवांचून वाचन तें कसलें, असें आमचें मत. शिवाय हें यंत्र म्हणजे मोबाइलचेंच मोठें भावंड आणि म्हणून डोळ्यांचा शत्रु, अशीही आमची समजूत होती. निदान ही दुसरी समजूत तरी चुकीची ठरली. मोबाइलची कांच दिव्यासारखी प्रकाश डोळ्यांत फेंकते. ह्या पाटीचा पृष्ठभाग कागदासारखा बाहेरचा प्रकाश परतवितो. कांचेखालीं केसाच्या जाडीएवढ्या लक्षावधि कुप्या असतात. प्रत्येक कुपींतील पारदर्शक द्रवांत पांढरे व काळे कण असतात. पांढऱ्यांवर धन विद्युद्भार आणि काळ्यांवर ऋण. विजेचा प्रवाह फिरविला कीं एका जातीचे कण वर येतात, दुसरे तळीं जातात, आणि अक्षर उमटतें. एकदां उमटलेलें पान तसेंच राहतें. वीज लागते ती मुख्यतः पान बदलतांना. म्हणून एकदां चार्ज केलेली पाटी आठवडेच्या आठवडे चालते. ही शाई करणारी कंपनी १९९७ सालीं अमेरिकेंत निघाली, तिचा उपयोग करून सोनीनें जपानांत २००४ सालीं वाचनयंत्र विकावयास काढलें, आणि २००७ च्या नोव्हेंबरांत किंडल आलें. रात्रीं वाचण्यासाठीं नव्या यंत्रांत कडेला बारीक दिवे असतात, पण त्यांचा उजेड पानावर पडतो, पानांतून बाहेर येत नाहीं.

पावसाळ्यांत वारा सुटला कीं वीज जाणें, भर दुपारीं वाडींत उन्हाची तिरीप, आणि बारमाही खारी दमट हवा, अशा मुलुखांत ह्या गुणांचें मोल अधिक आहे. दमट हवेनें ह्या घरांतील निम्मीं जुनीं पुस्तकें कसरीच्या स्वाधीन केलीं आहेत. २०१८ च्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरीच्या टापूंत भूकंपाचे धक्के बसूं लागले, तेव्हां निजावयाच्या खोलींतील पुस्तकांचें भारी कपाट प्रथम बाहेर काढावें लागलें. तें अजून पडवींतच आहे.

परंतु ह्या सोयी ऐकून आमचें मन वळलें नाहीं. सोय कशांत नाहीं? मन वळलें तें आजींची हकीकत ऐकून. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढून पुष्कळ वर्षें झालीं. पुढें डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागीं झीज सुरू झाली. डॉक्टर त्याला मॅक्युलाचा विकार म्हणतात. ह्यांत कडेचें दिसतें, पण जेथें नजर रोखावी नेमका तेथेंच डाग पडतो. बारीक टाइपाची ओळ अशा डोळ्यांस मुंग्यांच्या रांगेसारखी दिसते. भिंग वापरून झालें. भिंगांत एक शब्द येतो तों मागचा निसटतो, आणि हात भरून येतो. चार वर्षें आजींचें वाचन बंद होतें. नातवंडें वाचून दाखवीत, नाहीं असें नाहीं. “पण दुसऱ्याच्या सवडीनें वाचायचें म्हणजे दुसऱ्याच्या हातानें जेवायचें,” असें त्या आम्हांस म्हणाल्या. मुंबईच्या नातवानें पाटी आणून दिली, अक्षर वाढवीत वाढवीत इतकें केलें कीं एका ओळींत तीनच शब्द बसूं लागले, आणि आजी थांब म्हणाल्या. त्या दिवशीं रात्रीं त्या जेवावयास उशीरा उठल्या, असें घरांत अजून सांगतात.

येथें एक गोष्ट आमच्या ध्यानांत आली. आपल्या घराण्यांतून वृद्धांसाठीं म्हणून जें वाचन असे तें पोथीचें. सुटीं पानें, आडवा आकार, हरभऱ्याएवढालें अक्षर, आणि हातांत धरण्याऐवजीं पुढ्यांत चौरंगावर ठेवण्याची सोय. बांधीव पुस्तक आलें, कागद महाग झाला, टाइप बारीक होत गेला, आणि साठीनंतरचा वाचक हळूहळू वाचनांतून बाहेर पडला. ह्याबद्दल कोणीं फारशी हळहळही केली नाहीं. इंग्रजींत मोठ्या टाइपाच्या आवृत्त्या निराळ्या निघतात. मराठींत, धर्मग्रंथ सोडल्यास, त्या जवळ जवळ नाहींतच. ही पाटी, एका वेळीं एकच पान आणि तेंही मोठ्या अक्षरांत दाखविणारी, पुस्तकापेक्षां पोथीच्याच अधिक जवळची आहे. आजींना तिची ओळख पटावयास म्हणूनच वेळ लागला नसावा.

थोरल्या चिरंजीवांची अडचण वेगळी. त्यांचे डोळे उत्तम आहेत, पण कंपवातामुळें हात स्थिर राहत नाहींत. इतिहासाचे जाडजूड ग्रंथ हें त्यांचें आयुष्यभराचें व्यसन, आणि तोच ग्रंथ आतां पेलवेना. पाटीचें वजन दोनशें ग्रॅमच्या आसपास. ग्रंथ पांचशें पानांचा असो वा पन्नास, तें वाढत नाहीं. मात्र कांचेला बोट लावून पान उलटण्याची युक्ति त्यांस मुळींच मानवली नाहीं. बोट कांपलें कीं दोन पानें उलटत, किंवा भलताच शब्द निवडला जाई. शेवटीं ज्याच्या कडेला दाबावयाची कळ असते असें यंत्र त्यांनीं घेतलें. घेणाऱ्यांनीं ही गोष्ट लक्षांत ठेवावी; दुकानदार ती आपण होऊन सांगत नाहीं.

धाकट्या सूनबाई बोरिवलीस नोकरी करतात. २०१३ सालापासून उपनगरी गाडी डहाणू रोडपर्यंत येऊं लागली. चर्चगेटपासून हें अंतर सुमारें सव्वाशें किलोमीटर. बोरिवली त्याहून अलीकडे, तरी जाण्यायेण्यांत दिवसाचे कित्येक तास गाडींतच जातात. एका हातानें वरची कडी आणि दुसऱ्या हातानें पुस्तक धरून पान उलटणें अशक्य. पाटी अंगठ्यानें उलटते. एवढें सांगून झाल्यावर त्या किंचित् हंसल्या आणि म्हणाल्या, “शिवाय ह्याला मुखपृष्ठ नसतं.” आम्हांस प्रथम अर्थ कळला नाहीं. मग कळला. एकत्र कुटुंबांत सून काय वाचते ह्याची नोंद सासूपासून पाहुण्यांपर्यंत सर्वांकडे असते; पाटीवर कादंबरी आहे कीं पाकशास्त्र, हें कोणासच दिसत नाहीं. ई-रीडरचे गुण सांगणाऱ्या जाहिरातींत हा गुण आमच्या पाहण्यांत आलेला नाहीं.

राहिली नात. ही मुलगी बोलण्यांत चुणचुणीत, गणितांत पुढें, आणि वाचनांत मात्र वर्गाच्या मागें. डिस्लेक्सिया असें त्याचें निदान झालें आहे. देवनागरी वाचणें म्हणजे नुसतें डावीकडून उजवीकडे जाणें नव्हे. मात्रा वर, उकार खालीं, ऱ्हस्व वेलांटी लिहावयाची आधीं आणि उच्चारावयाची मागून. भरगच्च पानावर अशा मुलांची नजर एका ओळीवरून दुसरीवर घसरते. पाटीवर ओळ आंखूड करतां येते, दोन ओळींतील अंतर वाढवितां येतें, आणि पान संपलें हें समाधान लवकर मिळतें. २०१३ सालीं अमेरिकेंत मॅथ्यू श्नेप्स ह्यांनीं डिस्लेक्सिया असलेल्या शंभरावर विद्यार्थ्यांवर प्रयोग करून दाखविलें कीं, लहान पडद्यावरील आंखूड ओळींनीं त्यांच्यापैकीं कांहींचें वाचन व आकलन सुधारतें. कांहींचें, सर्वांचें नव्हे. हा शब्द पालकांनीं गाळूं नये. आणि ज्या मुलांस अशी अडचण नाहीं त्यांच्या हातून कागद काढून घेण्याची घाई तर मुळींच करूं नये. २०१८ सालीं चोपन्न अभ्यासांचा एकत्र विचार करून जो निष्कर्ष निघाला, तो माहितीपर मजकूर पडद्यापेक्षां कागदावर अधिक चांगला समजतो असाच आहे. ह्याच घरांतील दुसरा नातू पाटीला हातही लावीत नाहीं, आणि त्यास कोणी आग्रहही करीत नाहीं.

दुसऱ्या दिवशीं आम्ही तलासरीकडे गेलों. डहाणूच्या वाडीपासून तलासरी फार दूर नाहीं, पण वाचकाच्या दृष्टीनें हें अंतर मोठें आहे. ह्या तालुक्यांतील बहुसंख्य वस्ती आदिवासींची, मुख्यतः वारल्यांची. येथल्याच झरी गांवीं २३ मे १९४५ रोजीं वेठबिगारीविरुद्ध वारल्यांची सभा भरली होती. त्या लढ्याची कहाणी गोदावरी परुळेकरांनीं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ ह्या पुस्तकांत लिहिली, आणि १९७२ सालीं त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ज्यांच्याविषयीं तें पुस्तक लिहिलें गेलें त्यांच्यापैकीं फारच थोड्यांस तें वाचतां आलें असतें. त्यांचीं पतवंडें आज शाळेंत आहेत.

तेथें आमच्या यजमानांच्या स्नेह्यांतील एक शिक्षक भेटले. ई-रीडरचा विषय काढतांच ते म्हणाले, “निवड करायला दोन वस्तु पुढें असाव्या लागतात.” चांगलें यंत्र दहा हजार रुपयांच्या वर जातें. ह्यांच्या वर्गांत जें आहे तें म्हणजे त्यांचा स्वतःचा मोबाइल, कांचेला तडा गेलेला. त्यावर ते स्टोरीविव्हर ह्या संकेतस्थळावरील गोष्टी उतरवून घेतात. प्रथम बुक्स ह्या संस्थेनें ८ सप्टेंबर २०१५ रोजीं, साक्षरतादिनीं, तें सुरू केलें. गोष्टी फुकट, मराठींतही, आणि वाचनाच्या पायऱ्यांप्रमाणें लावलेल्या. घरीं वारली बोलणाऱ्या मुलास क्रमिक पुस्तकाची मराठी ही निम्मी परकी असते, म्हणून चित्र मोठें आणि वाक्य एकच, अशी गोष्ट त्याला धीर देते. परंतु गोष्ट ऐन रंगांत आली असतां फोन वाजतो, उन्हांत पडदा काळा पडतो, आणि तिसऱ्या प्रहरीं चार्ज संपतो. ज्या यंत्रांत ह्या तीनही खोडी नाहींत तें यंत्र ह्या मुलांच्या हातीं सर्वांत शेवटीं पोंचावें, ह्यास काय म्हणावें? डहाणूच्या ओसरीवरील चौघांस पाटी हवी होती आणि ऐपतही होती. येथें गरज अधिक आहे, आणि ऐपत नाहीं.

परततांना आम्ही मुद्दाम कोसबाडच्या वाटेनें आलों. ताराबाई मोडकांनीं १९४५ सालीं बोर्डीस जें ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलें, तें पुढें ह्याच टेकडीवर आलें, आणि अनुताई वाघांनीं तें आयुष्यभर चालविलें. मुलें शाळेंत येत नाहींत, तर शाळाच त्यांच्या अंगणांत न्यावी, ह्या विचारांतून तेथें अंगणवाडी निघाली. मुलें गुरांमागें रानांत जातात, तर शिक्षकानेंही कुरणांत जावें, म्हणून कुरणशाळा निघाली. आम्हांस टेकडीवर उभें असतांना वाटलें तें असें कीं, ई-रीडरची खरी किंमत त्यांत हजार पुस्तकें मावतात ह्यांत नाहीं. हजार पुस्तकें कोण वाचतो? पुस्तक आजवर जसें छापलें तसें राहत होतें, आणि डोळा, हात, वय, संवय हें सारें वाचकानेंच त्याच्या मापाचें करून घ्यावयाचें असे. आतां प्रथमच अक्षर उठून वाचकाकडे जाऊं शकतें. तें जात नसेल तर अडवतो कोण, एवढाच प्रश्न आहे.

मराठीपुरतें सांगावयाचें तर, अडवितों आपणच. किंडलच्या दुकानांत मराठी पुस्तकें रीतसर आलीं तीं २०१६ च्या डिसेंबरांत. त्यापूर्वीं आणि त्यानंतरही मराठींत ‘ई-पुस्तक’ म्हणून जें हातीं येतें, त्यांतील पुष्कळसें छापील पानांचें नुसतें छायाचित्र असतें. पीडीएफ म्हणतात ती हीच. छायाचित्रांतील अक्षर वाढवूं गेलें कीं सगळें पानच वाढतें. ओळीचें टोंक पाटीच्या बाहेर जातें, आणि वाचकानें तें बोटानें ओढीत बसावयाचें. म्हणजे पुन्हा भिंगच! ज्यांस मुळींच दिसत नाहीं, जे यंत्राकडून पुस्तक वाचवून घेतात, त्यांना तर असलें पुस्तक मुकेंच आहे. यंत्रास चित्रांत अक्षर दिसत नाहीं. कांहीं प्रकाशक आपली पुस्तकें युनिकोडांत, ओळी नव्यानें जुळवितां येतील अशा रीतीनें काढतात, त्यांचे आभार. पण मागल्या दोन पिढ्यांतील उत्तम मराठी वाङ्मयाचा मोठा भाग अद्याप एकतर कागदावर आहे किंवा चित्रांत अडकला आहे.

कायदा ह्यांत आड येत नाहीं, हें फार थोड्यांस माहीत असतें. २०१२ सालच्या दुरुस्तीनें आपल्या कॉपीराइट कायद्यांत अशी मुभा दिली आहे कीं, अपंग व्यक्तीस वाचतां यावें म्हणून, तिच्या खाजगी उपयोगासाठीं, कोणीही पुस्तकाची सुगम प्रत तयार करूं शकतो. दृष्टिहीनांसाठींचा मराकेशचा आंतरराष्ट्रीय करार २०१३ सालीं झाला, आणि २०१४ सालीं त्यास मान्यता देणारा पहिला देश भारत होता. २०१६ च्या ऑगस्टांत सरकारनें सुगम्य पुस्तकालय नांवाचा ग्रंथसंग्रह ह्याच हेतूनें उघडला. शिवाय लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षें उलटलीं कीं पुस्तक सर्वांचें होतें. हरिभाऊ आपटे, गडकरी, साने गुरुजी ह्यांचें लेखन ह्या न्यायानें केव्हांच मोकळें झालें आहे. मराठी विकिस्रोतावर कांहीं स्वयंसेवक अशीं जुनीं पुस्तकें पानापानानें तपासून अक्षरांत उतरवीत आहेत. हातीं सवड असलेल्या निवृत्त मंडळींना ह्याहून चांगला उद्योग आम्हांस सुचत नाहीं.

यंत्राची एक मोठी खोड मात्र सांगितलीच पाहिजे. दुकानांतून घेतलेलें ई-पुस्तक बहुधा आपलें नसतें. वाचण्याचा परवाना तेवढा आपला. २००९ सालीं अमेझॉननें ग्राहकांच्या किंडलवरून विकत दिलेलें एक पुस्तक परस्पर पुसून टाकलें होतें, आणि तें नेमकें ऑर्वेलचें ‘१९८४’ होतें! एकत्र कुटुंबांस हा प्रकार विशेष जाचक आहे. कपाटांतील पुस्तक आजोबांकडून नातवाकडे जातें, शेजारणीकडे जातें, कधीं परत येतें, कधीं येत नाहीं. पाटीवरचें पुस्तक ज्याच्या नांवाच्या खात्यावर घेतलें त्याच्याबरोबरच राहतें. ह्या घरांत तिन्ही पाट्या एकाच खात्यावर ठेवून तोड काढली आहे. त्यामुळें सूनबाईंच्या गुपिताचें काय होतें, हें आम्ही विचारलें नाहीं.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळीं आजींनीं आम्हांस पडवींतील कपाटापाशीं नेलें. त्यांस लक्ष्मीबाई टिळकांचीं ‘स्मृतिचित्रें’ पुन्हा वाचावयाचीं होतीं. लक्ष्मीबाई १९३६ सालीं निवर्तल्या, तेव्हां पुस्तक मोकळें आहे. पण नातवास मिळाली ती छायाचित्रांची पीडीएफ. त्यानें ती अक्षर ओळखणाऱ्या यंत्रणेंतून काढली, तेव्हां जोडाक्षरांचा बराच चुथडा झाला. मग घरांत असा क्रम ठरला कीं, तो दर आठवड्यास एक प्रकरण पाटीवर धाडतो. आजी झोपाळ्यावर बसून मोठ्यानें वाचतात. नात कपाटांतली कसरीनें खाल्लेली जुनी प्रत मांडीवर घेऊन शब्दाशब्दाखालीं बोट फिरविते, आणि जेथें पाटी व पुस्तक जुळत नाहीं तेथें वहींत टीप करते.

आम्ही त्या दिवशीं तेथें बसलों. दोन पानें निर्वेध गेलीं. तिसऱ्या पानावर नातीनें बोट थांबविलें.

“आजी, तूं गाळलंस. पुस्तकांत ‘हळूंच’ आहे.”

“पाटींत नाहीं.”

“मग पाटी चुकली.”

“लिही,” आजी म्हणाल्या, आणि पुढची ओळ वाचूं लागल्या.